उशिरा आलेल्यांची श्रद्धा

ग्रेटफुल डेड या अमेरिकन बँडचे चाहते, म्हणजे डेडहेड्स, आपल्या आवडत्या संगीताचा उल्लेख गाण्याच्या नावाने फारसा करत नाहीत, अल्बमच्या नावाने तर त्याहून कमी. ते तारीख सांगतात. ८ मे १९७७ ही त्यांतली सर्वांत गाजलेली तारीख. त्या रविवारी न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावी, कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमध्ये हा बँड वाजला. हॉल मुळात लष्करी कवायतीसाठी बांधलेला, आत धावपट्टी असलेला. संगीतासाठी म्हणून कुणी मुद्दाम निवडावा असा नव्हे. मे उजाडला असूनही त्या रात्री तिथे बर्फ पडले. बँडने नेहमीसारखे दोन भागांत वाजवले आणि शेवटी ‘वन मोअर सॅटर्डे नाइट’ हे शनिवारचे गाणे भर रविवारी म्हणून निरोप घेतला. आदल्या रात्री ते बॉस्टनला होते, दुसऱ्या दिवशी बफेलोला. दौऱ्यातला एक मुक्काम, इतकेच. पुढे २०१२ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने देशाचा ठेवा म्हणून जपायच्या ध्वनिमुद्रणांमध्ये या रात्रीच्या टेपची निवड जाहीर केली आणि २०१७ साली, चाळीस वर्षांनी, ते मुद्रण अधिकृतपणे विक्रीला आले. ज्यांनी ते उत्साहाने विकत घेतले त्यांतल्या अनेकांकडे ते कुठल्या ना कुठल्या रूपात आधीपासून होते.

या उत्साहात ज्यांनी धर्म पाहिला त्यांची कमी नाही. मिथकांचे अभ्यासक जोसेफ कॅम्बेल उतारवयात या बँडच्या कार्यक्रमाला गेले आणि त्यांना तिथे थेट ग्रीकांचा देव डायोनायसस दिसला. नोव्हेंबर १९८६मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत याच विषयावर एक परिसंवाद झाला, त्यात कॅम्बेल यांच्याबरोबर गिटारवादक जेरी गार्सिया आणि तालवादक मिकी हार्ट हेही होते. चाहत्यांमधल्या एका गटाने तर ‘चर्च ऑफ अनलिमिटेड डिव्होशन’ नावाचा पंथच काढला. हे लोक मैफलीत तासन्‌तास गिरक्या घेत. गार्सियाला स्वतःभोवतीचे हे वलय कधी मानवले नाही. मला वाटते, कॅम्बेल यांची नजर जिथे गेली तिथे खरा प्रश्न नव्हताच. हजारो माणसे एका छताखाली, एकाच ठेक्यावर, कित्येकदा नशेत, तासन्‌तास नाचली तर त्यांना आपण कुणाहून मोठ्या कशात तरी विरघळलो असे वाटणारच. त्यासाठी डायोनायससला आवतण द्यायची गरज नाही. जत्रेतही हे होते आणि फुटबॉलच्या मैदानातही. कोडे आहे ते पुढचे. बार्टन हॉलचा तो कार्यक्रम संपल्यावर जन्मलेला एक माणूस आपल्या खोलीत, शुद्धीवर, एकटा, कानांना हेडफोन लावून तीच टेप शंभराव्यांदा ऐकतो आणि म्हणतो की त्या रात्री काहीतरी घडले. त्याला गर्दी नाही, नाच नाही, धूर नाही. एकदाच घडलेल्या आणि पुन्हा कधीही न घडणाऱ्या प्रसंगाशी, जो तिथे नव्हता त्याचे नाते काय प्रकारचे असू शकते? हा प्रश्न धर्माचाच आहे, आणि तो बराच जुना आहे.

१७७७ साली, म्हणजे बार्टन हॉलच्या बरोबर दोनशे वर्षे आधी (या योगायोगात काही अर्थ नाही, पण डेडहेड मंडळींना असे योगायोग फार प्रिय असतात), गॉटहोल्ड लेसिंग या जर्मन लेखकाने एक छोटे टिपण छापले. त्याचे म्हणणे असे की चमत्कार मी स्वतः पाहिला असता तर गोष्ट वेगळी. पण माझ्यापर्यंत पोचते आहे ती चमत्काराची बातमी. इतिहासात योगायोगाने घडलेल्या गोष्टींवरून बुद्धीची शाश्वत सत्ये सिद्ध करता येत नाहीत. या दोहोंमध्ये एक रुंद, ओंगळ खंदक आहे आणि कितीही मनापासून प्रयत्न केला तरी आपल्याला तो ओलांडता येत नाही, अशी त्याची कबुली. १८४४ साली डेन्मार्कच्या सोरेन किर्केगार्दने योहान्स क्लिमाकुस या टोपणनावाने लिहिलेल्या पुस्तकात या खंदकाला वेगळेच उत्तर दिले. येशूच्या काळातला शिष्य आणि अठराशे वर्षांनी आलेला शिष्य यांत पहिल्याचा काहीही वरचढपणा नाही, असे तो म्हणतो. समकालीनाने डोळ्यांनी पाहिला तो एक सामान्य माणूस. त्यात देव आहे हे काही डोळ्यांना दिसले नव्हते. तिथे त्यालाही श्रद्धेची उडी घ्यावीच लागली. मागाहून येणाऱ्यांसाठी तर समकालीनांनी दोन ओळींची नोंद ठेवली असती तरी पुरले असते. साक्षीदार आणि उशिरा आलेला हे दोघे एकाच उंबरठ्यावर उभे असतात.

भारतीय परंपरेत, निदान मीमांसकांनी, हा खंदक पडूच दिला नाही. वेद कुणी रचले नाहीत, ते कधी घडले नाहीत, म्हणून ते ऐकायला अमुक वेळी अमुक ठिकाणी हजर असण्याचा प्रश्नच उरत नाही. हा आग्रह किती कडेकोट होता ते पाहण्यासारखे आहे. वेदांत ‘बबर प्रावाहणि’ असे विशेषनाम येते. तो जर खरा माणूस असेल तर वेद त्याच्यानंतरचे ठरतील. यावर मीमांसकांनी उत्तर दिले की हे माणसाचे नावच नव्हे, वाहत्या वाऱ्याच्या आवाजाचे ते अनुकरण आहे. एक माणूस गेला तरी चालेल, पण वेदाला तारीख चिकटता कामा नये! बिनचूक पाठांतर, तेच स्वर, तोच क्रम. प्रत्येक पठण पूर्ण आणि कुठलेही पठण पहिले नव्हे. छापील स्वरलिपीतून वाजवले जाणारे संगीत काहीसे या गोत्रातले आहे. बेथोवनची सिंफनी कुठल्या रात्री वाजली हा तिच्या चरित्रातला तपशील असतो, तिच्या स्वरूपाचा भाग नसतो. डेडहेड याच्या अगदी उलट टोकाला उभा आहे. त्याच्या दृष्टीने तारीख हेच रचनेचे नाव. मीमांसकाला जे विटाळासारखे वाटले असते, म्हणजे विशिष्ट काळ, विशिष्ट माणसे आणि त्या माणसांच्या चुका, नेमके तेच तो उराशी धरतो. साहजिकच लेसिंगचा खंदक त्याच्या वाट्याला पूर्ण रुंदीनिशी येतो.

आता त्या टेपमध्ये आहे काय, ते पाहायला हवे. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला पुढे रेटल्या जाणाऱ्या गर्दीला मंचावरून एक पाऊल मागे सरायला सांगितले जाते आणि मग ‘स्कार्लेट बेगोनियाज’ सुरू होते. त्यातून पुढे, मध्ये न थांबता, ‘फायर ऑन द माउंटन’. दोन्ही मिळून पंचवीस मिनिटांहून अधिक. दुसरे गाणे तेव्हा नवे होते. ही जोडी बँडने जाहीरपणे वाजवायला सुरुवात केली त्याला जेमतेम दोन महिने झाले होते. या गाण्याचे मूळ मराठी वाचकाला ओळखीच्या घरात सापडते. मिकी हार्ट उस्ताद अल्लारखाँ यांच्याकडे शिकला होता, आणि त्यांचे पुत्र झाकीर हुसेन, माहीमचे, कॅलिफोर्नियातल्या सॅन राफेल इथे अली अकबर खाँसाहेबांच्या संस्थेत शिकवत. तिथल्या विद्यार्थ्यांना घेऊन उभ्या राहिलेल्या तालवाद्यांच्या चमूतून ‘दिगा ऱ्हिदम बँड’ झाला. १९७६ सालच्या त्यांच्या अल्बममध्ये ‘हॅपिनेस इज ड्रमिंग’ नावाची एक रचना आहे आणि तिच्यात गार्सियाची गिटार आहे. ‘फायर ऑन द माउंटन’चे बीज ते. गाण्यात स्वरसंगती दोनच, एकीतून दुसरीत आणि पुन्हा पहिलीत. बाकी सगळे आवर्तनाच्या आत काय करता येईल यावर. बार्टन हॉलमध्ये पहिले गाणे केव्हा संपले आणि दुसरे केव्हा लागले याची रेघ ओढता येत नाही. फिल लेशचा बेस आधी वळतो, ढोलवाले त्याला धरतात, गिटार काही काळ दोन्ही घरांत पाय ठेवून असते, कुणालाच घाई नसते. पुढे ‘मॉर्निंग ड्यू’ येते, अणुयुद्धानंतर उरलेल्या दोन माणसांचे बॉनी डॉबसनचे गाणे, आणि त्याच्या शेवटी गार्सियाचे वादन ज्या पद्धतीने चढत जाते त्यावर डेडहेड मंडळी पानेच्या पाने लिहू शकतात.

पण इथे पहिला आक्षेप उभा राहतो, आणि तो वरवरचा नाही. उपजेचे सौंदर्य पुढे काय येणार हे ठाऊक नसण्यात असते. टेप शंभर वेळा ऐकणाऱ्याला प्रत्येक स्वर पाठ झालेला असतो. मग तो ऐकतो ते उपजेने निघालेले संगीत नव्हेच. ते आता त्याच्यासाठी बेथोवनइतकेच पक्के, लिहून ठेवल्यासारखे झाले आहे. मुद्रण उपजेला जपते असे म्हणणे म्हणजे वदतोव्याघात. या आक्षेपात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: की अनिश्चितता ऐकणाऱ्याच्या मनात असते. मला तसे वाटत नाही. अनिश्चितता होती ती वाजवणाऱ्यांच्या हातात, आणि ती माझ्या अज्ञानावर अवलंबून नाही. लेशने अमुक क्षणी वळायचे ठरवले तेव्हा न वळण्याचीही वाट मोकळी होती. मला ते वळण पाठ असले तरी ती वाट मागे जाऊन बंद होत नाही. पाठ झाल्यामुळे जाते ते माझे आश्चर्य. निर्णय तसाच राहतो, आणि आश्चर्याचा दंगा ओसरल्यावर तो निर्णय अधिक स्वच्छ ऐकू येतो.

यावर कुणी विचारील की निर्णय ‘ऐकू येतो’ म्हणजे काय? कानाला ऐकू येतात ते स्वर. लिहून काढलेले स्वर आणि त्या क्षणी सुचलेले स्वर यांत कानाला फरक कळायचा कसा? शेलक्या वादकांना हाताशी धरून कुणी बार्टन हॉलची हुबेहूब नक्कल स्टुडिओत बनवली तर? खुद्द चाहत्यांमध्येच हा विनोद आहे की ती मैफल कधी झालीच नाही, सरकारी खात्याने रचलेला तो बनाव आहे. विनोद बाजूला ठेवला तरी आक्षेपाला पुरावा पाहिजे तितका आहे. १९७२ साली निघालेल्या ‘युरोप ७२’ या गाजलेल्या लाइव्ह अल्बममधला गाण्याचा भाग बँडने घरी परतल्यावर स्टुडिओत पुन्हा गाऊन भरला होता. ऐकणाऱ्या हजारोंना त्याचा पत्ता नव्हता. म्हणजे फरक कानाला कळत नाही. पण हे कळल्यानंतर काय झाले तेही पाहा. चाहते त्या दौऱ्याच्या मूळ, अघडीव टेप शोधत राहिले, आणि २०११ साली त्या दौऱ्यातले सगळेच्या सगळे २२ कार्यक्रम ७३ सीडींच्या एका पेटीत बाहेर आले. त्यांचे प्रेम फक्त नादावर असते तर सुधारलेली, अधिक सुरेल आवृत्ती त्यांना पुरली असती. ती पुरली नाही याचा अर्थ ते नादातून पलीकडच्या कशाकडे तरी बघत होते. नाद त्यांच्यासाठी साक्ष आहे, आणि साक्षीबाबत ती गोड आहे का हे विचारून भागत नाही, ती खरी आहे का हेही विचारावे लागते.

इथवर किर्केगार्द आपल्याबरोबर येतो. इथून पुढे त्याला सोडावे लागेल. त्याच्या मते उशिरा आलेल्याला श्रद्धेची पात्रता प्रत्यक्ष देवच देतो, म्हणून दोन ओळींची नोंदही पुरते. बार्टन हॉलच्या बाबतीत असा कुणी देणारा नाही. गार्सियाला त्या जागी बसवायचा प्रयत्न झाला तो फसला, आणि त्यानेच तो फसवला. मग ही पात्रता येते कुठून? माझे उत्तर असे: ती इतर रात्रींमधून येते. या बँडने तीस वर्षांत सुमारे २,३०० कार्यक्रम केले. गाणी तीच, पण एका गाण्याची शेकडो रूपे टेपवर आहेत. ‘मॉर्निंग ड्यू’ ज्याने एकदाच ऐकले त्याला ते एक सुंदर गाणे वाटेल. ज्याने ते पन्नास रात्रींचे ऐकले आहे त्याला बार्टन हॉलमध्ये गार्सिया जिथे थांबला तिथे इतर रात्री तो थांबत नसे हे कळते, आणि तेवढ्यामुळे ते थांबणे हा निर्णय म्हणून ऐकू येतो. एकाच गवयाचा यमन निरनिराळ्या मैफलींत ऐकलेल्या आपल्याकडच्या रसिकाला हे समजावून सांगायला नको. एखादी गोष्ट एकमेव आहे हे तिच्याकडे कितीही निरखून पाहिले तरी समजत नाही, तिच्यासारख्या दुसऱ्या अनेक गोष्टी माहीत असाव्या लागतात. आता साक्षीदाराची अवस्था बघा. बार्टन हॉलमध्ये त्या रात्री जे हजर होते त्यांच्याकडे ही दुसरी बाजू जवळजवळ नव्हती. त्यांनी एक उत्तम कार्यक्रम ऐकला, बर्फातून घरी गेले. तो ‘८ मे १९७७’ आहे हे त्यांना माहीत असण्याची सोयच नव्हती, कारण तेव्हा त्या तारखेला आजूबाजूच्या तारखांमधून उठून दिसायला अजून कुणी त्या एकापाठोपाठ एक लावून ऐकल्या नव्हत्या. किर्केगार्द म्हणाला की समकालीनाचा वरचढपणा नाही. या बाबतीत मला त्याच्याही पुढे जावेसे वाटते: वरचढपणा असलाच तर तो उशिरा आलेल्याचा आहे.

त्या टेपचा प्रवास या म्हणण्याला दुजोरा देतो, आणि गंमत म्हणजे माझ्या विरोधकांचे सर्वांत धारदार शस्त्रही त्यातच आहे. त्या दौऱ्यात बेटी कँटर-जॅक्सन ही ध्वनिमुद्रक बँडबरोबर होती. तिची मुद्रणे इतकी स्वच्छ आणि समतोल असत की चाहत्यांच्या बोलीत ‘बेटी बोर्ड्स’ ही वेगळी जात झाली. पुढे तिच्याकडच्या फिती एका भाड्याच्या कोठारात पडून राहिल्या, भाडे थकले आणि १९८६ साली त्या सामानाचा लिलाव झाला. अनोळखी लोकांनी त्या घेतल्या. काही खराब झाल्या होत्या. चाहत्यांपैकी काहींनी त्या मिळवून दुरुस्त केल्या, नकला काढल्या आणि त्या हातोहात देशभर पसरल्या. प्रेक्षकांत बसून केलेली त्या रात्रीची मुद्रणे आधीही फिरत होती; पण कॉर्नेलचा दबदबा पसरला तो या स्वच्छ टेपमुळे. विरोधक म्हणतो, झाले तर मग! ही रात्र श्रेष्ठ ठरली कारण तिची टेप चांगली होती आणि योगायोगाने वाचली. ५ मेची न्यू हेवनची, ७ मेची बॉस्टनची, ९ मेची बफेलोची मैफलही त्याच तोलाची आहे असे जाणकार डेडहेडच सांगतात. म्हणजे ही श्रद्धा उभी आहे ती थकलेल्या भाड्यावर आणि लिलावावर.

हा मुद्दा मी मान्य करतो, पण त्यातून निघणारा निष्कर्ष नाही. कॉर्नेलबद्दल दोन वेगवेगळे दावे केले जातात. एक, ही सर्वांत श्रेष्ठ रात्र. दुसरा, या रात्री हे असे घडले, आणि ते घडायलाच हवे होते असे नव्हे. पहिला दावा योगायोगाने कोसळतो, यात शंका नाही. कुठल्याही परंपरेतले ग्रंथ कोणते टिकले आणि कोणते वाळवीने खाल्ले हे पाहिले तर ‘सर्वश्रेष्ठ’ ही पदवी किती ठिसूळ असते ते कळते. उत्साही चाहते हा पहिला दावा हिरिरीने मांडतात आणि तिथे ते कच्चे पडतात. दुसऱ्या दाव्याला मात्र योगायोगाने धक्का बसत नाही, कारण तो दावा योगायोगाबद्दलच आहे. जे घडले ते न घडू शकले असते, आणि ज्या फितीवर ते टिकले ती फीतही न टिकू शकली असती. लेसिंगला इतिहासातली योगायोगाची सत्ये अपुरी वाटली कारण त्याला त्यांच्यावर शाश्वत सत्याची इमारत चढवायची होती. इमारत चढवायचीच नसेल तर खंदक कशासाठी ओलांडायचा?

दुसरा आक्षेप नैतिक आहे, आणि तो बौद्ध धाटणीने मांडला तर जास्त बोचतो. क्षण आला, गेला. त्याला धरून ठेवायची धडपड म्हणजे उपादान, दुःखाचे मूळ. शिवाय मैफलीत टेप करणारी मंडळी त्या मैफलीत सर्वांत कमी हजर असत. ते माइकच्या खांबाजवळ निश्चल उभे राहत, शेजारी कुणी ओरडले तर त्याला गप्प करत, सगळे लक्ष आवाजाच्या काट्यांकडे आणि कॅसेट केव्हा उलटायची याकडे. ऑक्टोबर १९८४पासून बँडने त्यांच्यासाठी ध्वनिनियंत्रणाच्या मागे वेगळी जागाच नेमून दिली, काहीशा नाइलाजाने. क्षण वाचवण्यासाठी क्षण सोडून देणारे हे लोक हास्यास्पद नव्हेत का? थोडे आहेत. पण उपादान म्हणजे स्वतःसाठी धरणे, आणि या लोकांमध्ये एक अलिखित नियम कसोशीने पाळला जाई: टेप विकायची नाही. बदल्यात दुसरी टेप द्या, किंवा कोऱ्या कॅसेट आणि टपालखर्च पाठवा. पैसे मागणारा वाळीत पडे. गार्सियाची भूमिका होती की एकदा वाजवून झाले की ते ऐकणाऱ्यांचे. टेप करणारा त्या रात्रीचा आनंद मागाहून येणाऱ्या, कधीही न भेटणाऱ्या माणसासाठी गहाण टाकत होता. गीतकार जॉन पेरी बार्लो याने पुढे दाखवून दिले की टेप फुकट फिरल्याने बँडचा धंदा घटला तर नाहीच, उलट वाढला. त्यामुळे या उदारतेला फार पवित्र मानायचे कारण नाही. बँडला ती परवडत होती.

विचारवंत वॉल्टर बेन्यामिनने १९३०च्या दशकात म्हटले की यांत्रिक नकलांमुळे कलाकृतीचे ‘इथे आणि आत्ता’ असणे, तिचे तेजोवलय, नाहीसे होते. कॅसेटच्या काळात हे उलटे झालेले दिसते. प्रत्येक नकलेबरोबर फितीची सरसर वाढे, म्हणून आपल्याकडची नक्कल मूळ फितीपासून कितव्या पिढीची हे कॅसेटच्या कागदावर लिहिलेले असे. खऱ्या खोट्याचा निवाडा याच साखळीवर होई. एकाच रात्रीच्या निरनिराळ्या ठिकाणांहून केलेल्या टेप एकमेकींना ताडून पाहता येत. मघाच्या बनावाच्या शंकेला याहून वेगळे उत्तर नाही, आणि कुठल्याही साक्षीला ते नसते. १९८७पासून ‘डेडबेस’ नावाच्या जाडजूड सूचीत रात्रवार गाण्यांच्या याद्या छापल्या जाऊ लागल्या. २०१७च्या अधिकृत आवृत्तीत तर फितीच्या वेगातली बारीकशी डळमळसुद्धा तंत्राने दुरुस्त केली आहे, म्हणजे आजचा ऐकणारा त्या मैफलीच्या सुरांच्या जितका जवळ आहे तितका १९७७चा कॅसेट ऐकणारा कधीच नव्हता. यात काही हरवलेही आहे असे मला वाटते. फिश या पुढच्या पिढीतल्या बँडने २००२च्या अखेरीपासून कार्यक्रम झाल्यावर थोड्याच वेळात त्याचे मुद्रण विकायला सुरुवात केली. घटना आणि तिची साक्ष यांत अंतरच राहिले नाही, त्यामुळे इतर रात्रींशी ताडून पाहण्याचा जो संथ काळ कॉर्नेलला मिळाला तो या मुद्रणांना मिळत नाही. चाहते दुसऱ्या दिवशीच निकाल देऊन मोकळे होतात. आणि ७३ सीडींची पेटी घेऊन ती कधीच पुरती न ऐकणारा माणूस मी ज्या पात्रतेबद्दल बोलतो आहे ती कमावत नाही, तो फक्त साठवतो. अशी माणसे आहेत, आणि कमी नाहीत.

मग वाजवणाऱ्यांचे काय? निदान ते तरी त्या रात्रीचे पहिले साक्षीदार नव्हेत का? मला तेही खात्रीने म्हणता येत नाही. वाजवणारा प्रत्येक क्षणी पुढच्या क्षणात असतो आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावात. आपल्या दोन हजारांहून अधिक रात्री एकमेकींशेजारी ठेवून ऐकणे त्यांच्यापैकी कुणालाच शक्य नव्हते. हे बँडलाही कळले होते असे दिसते. जुन्या टेपांमधून प्रसिद्ध करण्याजोगे कार्यक्रम निवडायची वेळ आली तेव्हा त्यांनी ते काम डिक लॅटवाला याच्यावर सोपवले. तो वादक नव्हता, चाहता होता. वर्षानुवर्षे टेपांची देवाणघेवाण करून आणि ऐकून ऐकून तयार झालेला. १९९३ साली सुरू झालेल्या त्या मालिकेला नावही त्याचेच मिळाले, ‘डिक्स पिक्स’. त्याने पहिल्यांदा निवडली ती १९ डिसेंबर १९७३ची फ्लोरिडातल्या टँपाची रात्र. कॉर्नेल त्याला निवडताच आले नसते. बेटीच्या त्या फिती तेव्हा बँडच्या ताब्यात नव्हत्या.